कलेचा इतिहास लोकांच्या ओसरीवर

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईच्या दर्शनासाठी वर्षभर भाविकांची रीघ असते. चैत्री यात्रेत तर कोकणपट्टीतून आणि मुंबई-ठाण्याकडून पालख्या घेऊन लोक येतात. पायऱ्या चढून वर आले की देवीचे देऊळ लागते आणि त्याला अगदी लागूनच डोंगराच्या पोटात कोरलेले भव्य चैत्यगृह दिसते. दर्शन झाल्यावर बरीच मंडळी तेथेही डोकावतात. आत गारवा असतो. मान वर करून ‘केवढे हे मोठे!’ असा उद्गार निघतो, एखादे छायाचित्र काढले जाते आणि मंडळी डोंगर उतरू लागतात.

हे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढेच उंच आहे. छताला बसवलेल्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. पण त्याहून मोठे नवल भिंतींवर आणि खांबांवर कोरलेल्या लेखांत आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते अवघ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असे एक लेख अभिमानाने सांगतो. समोरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीने दिलेला आहे. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव तेथे आहे. बौद्ध धर्माला दान देणाऱ्या यवनांची नावे खांबांवर आहेत. आणि याच नामावळीत, दर्शनी भागावर, वेणुवासाचा पुत्र सामी याचे नाव आहे. हा सामी धेनुकाकटचा सुतार होता आणि या वास्तूचे द्वार त्याने घडवले, असे तो लेख सांगतो.

दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सुतार आपल्या बापाच्या नावासह, गावासह आणि कामासह तेथे उभा आहे. एकवीरेला येणाऱ्या भाविकांत आजही सुतार असतात. ते त्याच दारासमोरून जातात. त्यांना हे कोणी सांगत नाही. आजचा विषय आहे तो हाच.

किल्लीवाचून कुलूप

कलेचा इतिहास ही पंडितांची मिरास आहे, सामान्य वाचकाला त्यात रस नसतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो खरा नाही. ज्या समाजात देवळाच्या सभामंडपात बसून आयाबायांनी रामायण-महाभारताच्या कथा ऐकल्या आणि खांबांवरच्या शिल्पांत त्या मुलांना दाखवल्या, त्या समाजाला शिल्पाचे वावडे असूच शकत नाही. वावडे आहे ते या विषयावरच्या लेखनाला सामान्य माणसाचे. हे लेखन बहुतांशी इंग्रजीत झाले, आणि मराठीत आले तेव्हाही ‘त्रिभंग’, ‘अधिष्ठान’, ‘अंतराळ’ अशा परिभाषेची कुंपणे घालून आले. शब्द वाईट नाहीत. ते आपलेच आहेत. पण ते समजावून न देता वापरले की वाचक दारातूनच परत फिरतो.

जाणकारी आणि आकलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगणारा एक प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. सर जॉर्ज बर्डवुड हा काही हिंदुस्थानला अनोळखी असलेला इंग्रज नव्हता. त्याचा जन्म १८३२ साली बेळगावात झाला. मुंबईत त्याने वैद्यकीय सेवा केली. आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भायखळ्याच्या संग्रहालयाच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. १८८० साली त्याने हिंदुस्थानातील कारागिरीवर ग्रंथ लिहिला आणि येथल्या विणकराचे, तांबटाचे, कुंभाराचे मनापासून कौतुक केले. असा हा माणूस १९१० च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या सभेत अध्यक्षपदावर होता. हिंदुस्थानात ललित कला अशी नाहीच, असे त्याने तेथे सांगितले. आणि जावा बेटावरील ध्यानस्थ बुद्धमूर्तीच्या छायाचित्राकडे बोट दाखवून तिची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली.

या उद्गारावर इंग्लंडातच गदारोळ झाला. तेथील चित्रकारांनी आणि समीक्षकांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून निषेध नोंदवला, आणि भारतीय कलेचा परिचय करून देण्यासाठी त्याच वर्षी लंडनमध्ये ‘इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. शतकापूर्वीच्या या हेटाळणीचा राग धरून बसण्यात आज हशील नाही. विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ज्याचे आयुष्य या देशाच्या वस्तू पाहण्यात गेले, त्याला समोरची मूर्ती का दिसू नये? ग्रीक पुतळ्यांत दिसणारे पिळदार स्नायू तो त्या मूर्तीत शोधत होता. मूर्तिकाराला दाखवायची होती ती श्वास थांबल्यासारखी आतली स्थिरता. स्नायू त्याने मुद्दाम पुसून टाकले होते. हे सांगणारा कोणी भेटला नाही, तर शहाणासुरता माणूसही असा चकतो.

ते सांगण्याचे काम ज्यांनी केले त्यांत आनंद कुमारस्वामी यांचे नाव अग्रभागी आहे. १८७७ साली कोलंबो येथे जन्मलेला हा विद्वान शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. १९१८ साली निबंधसंग्रहातून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नटराजावरील विवेचनाने जगाची दृष्टी बदलली. एका हातातील डमरू हा निर्मितीचा नाद, दुसऱ्या हातातील अग्नी हा संहार, अभय देणारा हात हे आश्वासन, उचललेला पाय ही मुक्ती आणि पायाखालचा अपस्मार पुरुष हे अज्ञान. एवढे समजले की नटराजाची मूर्ती पाहणारा माणूस पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही. हे सारे आगमांत आणि तमिळ शैव परंपरेत होतेच. कुमारस्वामींनी ते सामान्य सुशिक्षिताला कळेल अशा वाक्यांत मांडले.

सोपे आणि चुकीचे

विषय सोपा करण्याच्या वाटेवर एक खड्डा आहे. सोपे सांगायचे म्हणून आपल्याकडे चुकीचे सांगितले जाते आणि तेच पिढ्यान् पिढ्या टिकते.

महाराष्ट्रात कोणत्याही जुन्या दगडी देवळाला ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी होता. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख मात्र शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला आहे. हेमाडपंताच्या जन्माच्या कितीतरी आधीचे हे मंदिर ‘हेमाडपंती’ कसे असेल? चुन्याचा दर्जा न भरता दगडावर दगड बसवण्याच्या पद्धतीला तो शब्द वापरला जातो, हे मान्य. परंतु एका शब्दाच्या पांघरुणाखाली शिलाहार झाकले जातात, यादवांचे पूर्वज झाकले जातात आणि शतकांचा फरकही झाकला जातो.

याउलट खरी माहितीही तितक्याच सोपेपणाने देता येते. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर पाहावे. चार दिशांना खालपासून वरपर्यंत गेलेले चार पट्टे दिसतात; त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी, माळेतील मण्यांप्रमाणे एकावर एक ओवलेल्या. या रचनेला भूमिज शैली म्हणतात. शाळकरी मुलालाही हे एका मिनिटात दाखवता येते, आणि एकदा दिसले की ते मूल पुढच्या देवळाचे शिखर आपोआप निरखू लागते.

घारापुरीचेही तसेच. तेथील सुमारे अठरा फूट उंचीचे त्रिमुख शिल्प म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश ही ‘त्रिमूर्ती’, असे पर्यटकांना आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. १९१४ ते १९१६ या काळात मूर्तिशास्त्रावर बृहद्ग्रंथ सिद्ध करणारे टी. ए. गोपीनाथ राव यांनी त्या शिल्पाची ओळख महेशमूर्ती म्हणून पटवली होती. पाहणाऱ्याच्या डावीकडचे मुख भुवया आक्रसलेले, मिशा असलेले; हातात नाग. हे अघोर रूप. उजवीकडचे कोमल, हातात कमळ धरलेले. हे वामदेवाचे, उमेचे रूप. मधले मुख डोळे मिटलेले, या दोन्ही टोकांच्या पलीकडे गेलेले. ‘तीन देव शेजारी शेजारी बसवले’ या समजापेक्षा ‘उग्रता आणि कोमलता या एकाच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत’ हा अर्थ कितीतरी खोल आहे, आणि तो समजायला संस्कृतची पदवी लागत नाही. डोळे उघडे ठेवून पाच मिनिटे उभे राहावे लागते, आणि शेजारी सांगणारा लागतो.

वेशीवरचा वीरगळ

कलेचा इतिहास म्हटले की अजिंठा-वेरूळ आठवते आणि तो विषय आपल्या गावापासून दूर आहे असे वाटते. पण महाराष्ट्रातील अनेक गावांत देवळाच्या आवारात, पारावर किंवा वेशीजवळ एखादा उभा कोरीव दगड असतोच. लोक त्याला शेंदूर लावतात, कोठे कोठे त्यावर कपडेही धुतात. तो वीरगळ असतो.

वीरगळ हे दगडावरचे चित्रमय वृत्तपत्रच आहे, फक्त ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर. शेजारी गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन वाचवताना पडला असे समजावे. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर वल्ही मारणाऱ्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या संघर्षाशी अभ्यासकांनी त्यांचा संबंध जोडला आहे. लोकलगाडीतून रोज जाणाऱ्या मुंबईकराच्या हाकेच्या अंतरावर मध्ययुगीन आरमाराची चित्रे उभी आहेत.

ज्याच्यावर कपडे धुतले जातात तो दगड गावासाठी मेलेल्या कोणा पूर्वजाचे स्मारक आहे, हे कळल्यावर त्या गावातला माणूस तेथे पुन्हा कपडे धुणार नाही. त्याला कायदा सांगावा लागणार नाही.

पूर्वसुरींची वाट

मराठीत हे काम झालेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी आयुष्यभर निगडित राहिलेल्या ग. ह. खरे यांनी १९३९ साली ‘मूर्तिविज्ञान’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. देवळात गेल्यावर कोणती मूर्ती कशी ओळखावी, आयुधे कोणत्या क्रमाने पाहावीत, याची ती मराठी माणसाच्या हाती दिलेली किल्लीच होती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी रामायण चित्रांतून सांगितले, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, आणि १९३८ साली आपल्या लहानशा संस्थानात भवानी संग्रहालय उभे केले. ज्यांना युरोपच काय, मुंबईही पाहणे शक्य नव्हते, अशा माणदेशी शेतकऱ्यांच्या परिसरात एक राजा कलासंग्रह आणून ठेवतो, ही घटना लहान नाही.

आणि पुण्याचे दिनकर केळकर. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ, घरचा व्यवसाय चष्म्यांचा. गावोगाव हिंडून त्यांनी काय जमवले? दिवे, अडकित्ते, कुलपे, फण्या, वज्री, दारांच्या चौकटी, स्वयंपाकघरातील भांडी. बालपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे जाणाऱ्या आजीबाईला कोणी माहितगार लागत नाही. ‘असाच अडकित्ता आमच्याकडे होता,’ असे म्हणून ती नातवाला सांगू लागते. अडकित्त्याला मोराचा आकार देणाऱ्या त्या लोहाराचा हात आणि खांबावर मोर कोरणाऱ्या पाथरवटाचा हात एकाच परंपरेचे आहेत, एवढेच तिला जोडून दाखवले की कलेच्या इतिहासात तिचा प्रवेश झालाच.

न कळण्याची किंमत

हे सारे हौसेचे काम आहे, पोटापाण्याचे प्रश्न सुटल्यावर बघू, असे म्हणणारे बरेच भेटतात. न कळण्याची किंमत काय असते, ते त्यांनी ध्यानात घ्यावे.

परकीय आक्रमणांत मूर्ती भंगल्या, हा इतिहास आहे आणि तो विसरण्याचे कारण नाही. परंतु स्वातंत्र्यानंतर जे गेले, त्यातले पुष्कळ भक्तांच्याच हातून गेले, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव खांबांना ऑइलपेंट फासला जातो. गाभाऱ्यात स्नानगृहाच्या फरशा बसतात. आठशे वर्षांचे शिल्प ‘भंगलेले’ म्हणून पिंपळाखाली टाकले जाते आणि त्याच्या जागी बाजारातून संगमरवरी मूर्ती येते. यामागे दुष्टावा नसतो. उलट वर्गणी काढून, घाम गाळून, श्रद्धेने हे केले जाते. जे आहे त्याचे मोल कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

आणि पिंपळाखाली टाकलेले शिल्प तेथेच राहते असेही नाही. तमिळनाडूतील श्रीपुरंथन या गावी जुन्या शिवालयातील चोळकालीन नटराज असाच चोरीला गेला. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. मूर्ती मोठ्या दिमाखात मांडली गेली. कागदपत्रे जोडलेली होतीच. ती उघडी पडली कशामुळे? पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने त्या देवळातील मूर्तींची छायाचित्रे पूर्वी काढून ठेवली होती. ती आणि कलादालनातील मूर्ती शेजारी शेजारी ठेवून बारकावे ताडून पाहण्यात आले. या कामात एस. विजयकुमार यांच्यासारख्या हौशी अभ्यासकांचा महत्त्वाचा वाटा होता. विजयकुमार हे काही पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हेत. सिंगापूरमध्ये जहाज-वाहतुकीच्या व्यवसायात नोकरी करावी आणि फावल्या वेळात मंदिरशिल्पांविषयी सामान्य वाचकांना समजेल असे लिहावे, हा त्यांचा परिपाठ. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो नटराज भारताच्या पंतप्रधानांकडे सुपूर्द केला.

डमरू, अग्नी, अभय आणि उचललेला पाय यांचा अर्थ कुमारस्वामींनी ज्या रूपात जगाला समजावला, त्याच रूपाची एक मूर्ती एका वाचत्या, पाहत्या माणसाच्या चिकाटीमुळे घरी परतली. सरकारला प्रत्येक देवळापुढे पहारेकरी बसवता येणार नाही. पण प्रत्येक गावात आपल्या देवळातील मूर्ती ओळखणारी, त्यांची छायाचित्रे आणि मापे नोंदवून ठेवणारी चार माणसे असतील, तर त्यासारखा पहारा नाही.

पाच प्रश्न

मग करायचे काय? विद्वानांनी आपली खोली सोडावी असे कोणी म्हणत नाही. त्यांच्याविना खरे-खोटे ठरणारच नाही. पण त्यांनी शोधलेले सत्य लोकांपर्यंत नेणारा दुवा पाहिजे. तो शिक्षक असू शकतो, देवळाचा पुजारी असू शकतो, स्थानिक वृत्तपत्राचा वार्ताहर असू शकतो. त्याने कोणत्याही वस्तूपुढे उभे राहून पाच साधे प्रश्न विचारावेत. हे काय आहे? कशाचे केले आहे? कोणी केले? खर्च कोणी दिला? आणि कशासाठी? उत्तर ठाऊक असेल तेवढे सांगावे. ठाऊक नसेल तेथे पांडवांनी एका रात्रीत कोरले, असे सांगून वेळ मारून नेऊ नये. पूर्वजांचा मोठेपणा खऱ्या माहितीतच पुरेसा आहे. त्याला भाकडकथांची ठिगळे लावण्याची गरज नाही.

उत्सव समित्यांनी वर्गणीतला एक लहानसा हिस्सा बाजूला काढून देवळाबाहेर स्वच्छ मराठीत दहा ओळींचा फलक लावावा. जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी एका जाणकाराला बोलावून देऊळ दाखवावे. शाळेने सहलीआधी मुलांना एकच शिल्प नीट समजावून द्यावे. पन्नास शिल्पांची नावे पाठ करण्यापेक्षा एक शिल्प वाचता येणे मोलाचे. आणि वृत्तपत्रांनी, नियतकालिकांनी या विषयाला दिवाळी अंकापुरते न ठेवता आठवड्याच्या पानावर आणावे, वाचकाच्या गावाचे नाव घेऊन आणावे.

राष्ट्राच्या स्वत्वाविषयी आपण पुष्कळ बोलतो. ते स्वत्व हवेत नसते. ते दगडात, लाकडात, धातूत, अडकित्त्याच्या मोरात असते, आणि ते राजांइतकेच कारागिरांचेही असते. कार्ल्याच्या लेखात श्रेष्ठी आहे, महारठी आहे, यवन आहे आणि सुतारही आहे. ज्यांनी तो लेख कोरला त्यांना सुताराचे नाव गाळावेसे वाटले नाही.

येत्या चैत्रात एकवीरेच्या पायऱ्यांवर पुन्हा गर्दी होईल. त्या गर्दीतला एखादा सुतार लेकराला खांद्यावर घेऊन चैत्यगृहापुढे उभा राहील. त्या वेळी कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन, बोटाने ती अक्षरे दाखवून सांगावे : बाबा, हे दार सामी नावाच्या सुताराने केले. पुढचे त्या लेकराला त्याचा बाप सांगेल.